आययूचा १६ मेचा वाढदिवस परभणीत: सल्ला पाहिजे

साळुंकी (११ एप्रिल, रात्री १०:२०)

नमस्कार मंडळी. इथं बहुतेक जण नाट्यगीतं आणि गझलांवर बोलतात, त्यामुळं हा धागा कुठं काढावा तेच कळेना. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी उचलून योग्य जागी ठेवावा.

मी जिंतूरची, शिकायला परभणीत. हॉस्टेलच्या आम्ही चौघी आययूच्या चाहत्या. ज्यांनी नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दक्षिण कोरियाची गायिका, खरं नाव ली जी-उन, जन्म १६ मे १९९३. घरची परिस्थिती बिघडली तेव्हा आजीजवळ एका खोलीत दिवस काढले, वीसेक ऑडिशनमध्ये नापास झाली, आणि २००८ साली पंधराव्या वर्षी पहिलं गाणं आलं. बरीचशी गाणी स्वतः लिहिते. सोलच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर एकटीच्या नावावर कार्यक्रम करणारी ती पहिली कोरियन गायिका, २०२२ च्या सप्टेंबरमध्ये. तिच्या चाहत्यांना युएना म्हणतात. कोरियनमध्ये त्याची फोड 'तू, प्रेम, मी' अशी करतात.

२०२४ मध्ये तिनं जगभर दौरा केला. जपान, तैवान, सिंगापूर, इंडोनेशिया, मलेशिया, मग लंडन, बर्लिन, अमेरिका. भारत नाही. क्वालालंपूरहून लंडनला जाताना विमान आमच्या डोक्यावरून गेलं असेल तर तेवढंच.

आम्ही ठरवलं की इथं ऐकणारे वाढले पाहिजेत. वर्षभर रोज रात्री मेसचं जेवण झालं की चार फोनवर गाणी लावून ठेवतो. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजलं की एक मोजतात, म्हणून कोणी मध्येच बदलायचं नाही असा नियम. फळ काय? मेसच्या काकू अजून तिला 'ती चिनी बाई' म्हणतात.

यंदा वर्गणी ३,००० रुपये जमलीये. एक म्हणते फ्लेक्स लावू, एक म्हणते सोलमध्ये करतात तसं एखाद्या कॅफेत तिच्या फोटोचे कागदी कप वाटू. मला दोन्ही पटेना. ज्यांनी असलं काही केलंय त्यांनी सांगा.

फ्लेक्सवाला_नांदेड (११ एप्रिल, रात्री ११:०५)

ताई, मी पंधरा वर्षं झाले फ्लेक्स छापायलो, म्हणून बोलतो. हसऱ्या बाईचा मोठा फोटो अन् खाली 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' असलं की आपल्याकडं माणूस एकच समजतो: वॉर्डात नवीन उमेदवार आली. अन् शुभेच्छा नीट वाचल्या नाहीत तर 'दुःखद निधन' समजतो. तिसरं काहीच नाही.

२०२२ च्या वर्ल्डकपला पोरांनी माझ्याकडून मेस्सीचा फ्लेक्स नेला. दोन दिवसांनी एक म्हातारं दुकानात येऊन विचारायलं, 'हे कोण्या गावचे? दाढी तर आमच्या जावयासारखी हाय.'

अन् महापालिकेची परवानगी घेतल्याबिगर लावू नका. १९९५ चा विद्रूपणाचा कायदा हाय. तुमचे पैसे जातील, वर दंड. माझा धंदा असून सांगायलो.

साळुंकी (११ एप्रिल, रात्री ११:१२)

हहपुवा (हसून हसून पुरे वाट). रूममेट झोपलेली उठली.

औरंगपुरा_पाऊल (१२ एप्रिल, दुपारी १:३०)

कॅफेचं आम्ही करून बसलोय. संभाजीनगरात, दुसऱ्या एका कोरियन ग्रुपच्या वाढदिवसाला. कॅफेचं नाव सांगत नाही. मालक म्हणाला एवढी किमान ऑर्डर द्या, मग भिंत तुमची. कपांवर लावायच्या पट्ट्या छापल्या, फोटो चिकटवले, फुगे, केक, सगळं. साठेक पोरं आली. त्यातली पाच सोडली तर सगळी आधीपासूनच चाहती. म्हणजे आपणच आपल्याला केक भरवला आणि घरी गेलो. मजा आली, खोटं बोलत नाही. पण साळुंकीला हवंय ते त्यातनं झालं नाही.

त्यापेक्षा कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये नाचलो ते कामी आलं. पहिल्या वर्षी नुसत्या शिट्ट्या आणि टवाळी. दुसऱ्या वर्षी त्याच पोरांनी विचारलं, गाणं कोणतं होतं? तिसऱ्या वर्षी त्यातले दोघं आमच्यात नाचायला. तीन वर्षं लागली.

अवांतर: चार फोन एकाच खोलीत रात्रभर एकच गाणं वाजवत असतील तर ते आकडे धरतीलच याचा भरवसा नाही. यूट्यूब एकसारखे व्ह्यू गाळून टाकतं. झोप तरी नीट घ्या.

नाना_अंबाजोगाई (१२ एप्रिल, सायंकाळी ६:४५)

मुलींनो, मी निवृत्त शिक्षक. तुमची गायिका मला कालपर्यंत माहीत नव्हती. पण तुमचा धंदा मला चांगला माहीत आहे, कारण आम्ही तो केला आहे.

आमच्या गावात श्रोता संघ होता. सभासद पाच. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला लागायची, ती चुकली तर आठवडा वाया. इतर दिवशी फर्माइशी. झुमरी तलैयाचं नाव देशभर झालं ते तिथल्या लोकांनी पोस्टकार्डांचा मारा केला म्हणून. आम्हाला वाटायचं आपलंही गाव तसं गाजावं. एका कार्डावर पंधरा-पंधरा नावं घालायचो. माणसं संपली की चुलत्यांच्या म्हशीचं नाव घातलेलं आहे. 'चंद्री' हे नाव रेडिओवर आलं त्या रात्रीपासून चुलते आठ दिवस ताठ चालत होते.

तुमचं स्ट्रीमिंग म्हणजे आमची पोस्टकार्डंच. फरक एकच सांगतो. आमचं गाणं लागलं की पारावरचा रेडिओ सगळं गाव ऐकायचं. ज्याला नको त्यालाही ऐकावं लागायचं. तुमच्या चार फोनवर रात्रभर गाणं वाजतं आणि ऐकतं कोण? तुम्हीसुद्धा नाही, तुम्ही झोपलेल्या. आधी हेडफोन काढा.

एक गाणं पाठवा. ऐकून सांगतो.

साळुंकी (१२ एप्रिल, रात्री ९:००)

नाना, तुमचं वाचून मेसमध्ये सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा, दोन गाणी पाठवलीत. पहिलं २०१० च्या डिसेंबरमधलं, शेवटी ती एका श्वासात तीन पायऱ्या वर चढते ते. कोरियात ती जागा फार गाजली. दुसरं तिच्या जुन्या गाण्यांच्या अल्बममधलं. आपल्या आईबापांच्या काळातली कोरियन गाणी तिनं पुन्हा गायलीत, २०१४, २०१७ आणि २०२५ असे तीन अल्बम.

चिकित्सक_बीड (१३ एप्रिल, सकाळी ७:५०)

वाचून करमणूक झाली. एक सरळ प्रश्न. ज्या बाईच्या मागं कोरियातली बडी कंपनी आहे, तिची फुकट हमाली परभणीच्या मुलींनी कशासाठी करायची? आपल्याकडं गोंधळी आहेत, भारूड करणारे आहेत, वासुदेव आहेत. माहूर-तुळजापूरच्या वाटेवर संबळ वाजवणाऱ्याला रात्रीच्या जागरणाचे किती मिळतात ते विचारा एकदा. त्याच्यासाठी कोणी रात्रभर फोन लावून ठेवल्याचं ऐकलं नाही.

देगलूरची_आई (१३ एप्रिल, दुपारी ३:१५)

चिकित्सक, माझी मुलगी नववीत आहे आणि तिच्या कपाटाच्या आतल्या बाजूला हीच आययू चिकटवलेली आहे. मलाही आधी असंच वाटायचं. २०२५ च्या मार्चमध्ये नेटफ्लिक्सवर तिची मालिका आली, जेजू बेटावरची. त्यात ती तरुणपणीची आई आणि मुलगी अशा दोन्ही भूमिका करते. आजी समुद्रात सूर मारून शिंपले-गोगलगायी काढणारी, ऑक्सिजनचं नळकांडं न लावता. जेजूच्या या बायकांची ही परंपरा २०१६ साली युनेस्कोच्या यादीत गेली, हे मुलीनंच मला सांगितलं. ती खालची अक्षरं वाचून सासूबाईंना मराठीत सांगायची. दुसऱ्या दिवसापासून सासूबाईच विचारायला लागल्या, आज पाणबुडीची लावायची का गं?

आता गाण्यांचं म्हणाल तर सासूबाईंना 'ती पाणबुडीची पोर गाते' एवढं पुरतं. ओळख अशी मागच्या दारानंही होते.

संबळवाल्याचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे. पण नववीतली पोर जिथं जीव लावते तिथंच लावणार ना. ते काय ठरवून होतं?

गोलाईतला (१३ एप्रिल, रात्री ११:४०)

लातूरहून. नीटची तयारी करतोय, म्हणजे करायला पाहिजे.

माझा रूममेट कोरियन शिकायलाय. त्याच्यामुळं कळलं की ही भाषा आपल्याला वाटते तेवढी परकी नाही. क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. बोलण्यात अरे-तुरे आणि अहो-जाहो वेगळं, चुकलं तर राग येतो. आणि बापाला काय म्हणतात? आप्पा! मी माझ्या आप्पांना फोन करून सांगितलं, तर म्हणाले मार्क किती पडले ते सांग.

सूचना अशी की गाण्यांचा भावार्थ मराठीत लिहा. पूर्वी यूट्यूबवर चाहत्यांना आपापल्या भाषेत सबटायटल भरता यायची, २०२० च्या सप्टेंबरात ती सोय बंद झाली. आता चॅनलच्या मालकानं दिलं तरच. म्हणून आपण आपल्या पानावर चार ओळींत लिहायचं: गाणं कशाबद्दल आहे, कोणत्या मनःस्थितीत लिहिलं. अख्खं गाणं भाषांतर करून टाकू नका, त्याचे हक्क असतात. मी आईला एका गाण्याचा अर्थ सांगितला. तिनं जन्मसाल विचारलं. १९९३ म्हटल्यावर म्हणाली, 'म्हणजे भूकंपाच्या चार महिने आधीची.' आमच्या औसा तालुक्यात वय असंच मोजतात, किल्लारीच्या अलीकडं का पलीकडं. आता आई तिला 'भूकंपाच्या सालची' म्हणते. घरच्यासारखं झालं.

नाना_अंबाजोगाई (१४ एप्रिल, सकाळी ६:३०)

ऐकलं. तीन पायऱ्यांचं गाणं तालमीचं आहे, मान्य, पण मला तिथं कसरत जास्त दिसली. जुन्या गाण्याचं मात्र दोनदा लावलं. शब्द कळत नाहीत तरी ती एका ठिकाणी थांबते, श्वास ऐकू येतो आणि मग पुढचा शब्द ठेवते. ठेवते म्हणतो, फेकत नाही. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, 'कोण आहे हो, दमलेली वाटते बिचारी.' अजून दोन पाठवा.

फ्लेक्सवाला_नांदेड (१४ एप्रिल, दुपारी २:००)

मला एक सांगा, तिकडं कोरियात चाहते वाढदिवसाला काय करतेत? नुसता केकच का?

साळुंकी (१४ एप्रिल, दुपारी २:२५)

मेट्रो स्टेशनवर जाहिराती लावतात. आणि एक चांगलं आहे: कलाकाराच्या कार्यक्रमाला हारतुऱ्यांऐवजी तांदळाची पोती पाठवतात. पोत्यांवर चाहत्यांच्या गटाचं नाव, नंतर तो तांदूळ गरजूंना जातो. आययू स्वतःही वाढदिवसाला, बालदिनाला देणगी देते ती एकटीच्या नावानं नाही, स्वतःचं आणि चाहत्यांचं नाव जोडून.

फ्लेक्सवाला_नांदेड (१४ एप्रिल, दुपारी २:४०)

मग झालं की! १६ मे. परभणी. पारा ४३ च्या वर. तांदूळ कशाला पाहिजे, पाणी पाजा. पाणपोई लावा तिच्या नावानं. फ्लेक्स लहान, पाणपोईला बांधलेला. मी छापून देतो, पैसे नका देऊ, परभणीच्या गाडीत टाकतो.

औरंगपुरा_पाऊल (१४ एप्रिल, दुपारी ३:०५)

+१००. कॅफेत आम्ही चाहत्यांना बोलावलं होतं. पाणपोईवर तहानलेले येतील.

चिकित्सक_बीड (१४ एप्रिल, रात्री ८:१०)

पाणपोईला विरोध नाही. मुद्दा कायम आहे. तेवढं लक्षात ठेवा, रांजण आदल्या रात्री भरून ठेवा, नवा माठ पहिल्या दिवशी मातीचा वास मारतो. खाली वाळू घाला आणि ती ओली ठेवा, भोवती ओलं पोतं. ओगराळं लांब दांड्याचं घ्या, पाण्यात कोणाचा हात जाता कामा नये.

साळुंकी (२ मे, रात्री ९:३०)

धागा वर काढतेय. बसस्टँडकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका झेरॉक्सवाल्या काकांनी दुकानासमोरची सावली दिली. अट एकच, संध्याकाळी जागा झाडून द्यायची. आमच्या खर्चातनं दोन रांजण, एक माठ, दोन ओगराळी, सहा स्टीलचे पेले आणि पेल्यांना बांधायला साखळी. वाळा आईनं दिला. रोज सकाळी आणि दुपारी जारचं पाणी. १० मेपासून सुरू करू, वाढदिवसाच्या दिवसापुरतं लावून उठलं तर बरं दिसणार नाही, असं मेसच्या काकू म्हणाल्या. हो, त्याच काकू.

फ्लेक्सचा मजकूर ठरेना. पाणपोईवर नेहमी 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असतं. लोकांनी हिलाही कैलासवासी केलं तर?

फ्लेक्सवाला_नांदेड (२ मे, रात्री १०:१५)

मी मजकूर करून टाकलो: 'आययू (गायिका, दक्षिण कोरिया) यांच्या वाढदिवसानिमित्त पाणपोई. बाई हयात आहेत.' कोपऱ्यात गाण्याचा क्यूआर कोड. कंबरेच्या उंचीला ठेवलो, वर ठेवला की कोणी स्कॅन करत नाही.

गोलाईतला (२ मे, रात्री १०:१७)

'बाई हयात आहेत.' हसता हसता खुर्चीवरून पडलो. हे काढू नका, प्लीज.

देगलूरची_आई (३ मे, सकाळी ९:००)

सासूबाईंनी १०१ रुपये दिलेत 'पाणबुडीच्या पोरीसाठी'. यूपीआयनं पाठवते.

साळुंकी (१७ मे, रात्री ११:५०)

झाला एकदाचा. पाय भरून आलेत, पण आज लिहिलं नाही तर विसरेन.

आठवडाभर दोन्ही रांजण रोज दोनदा रिकामे झाले. काल दुपारी माठही संपला, झेरॉक्सवाल्या काकांनी आपला जार ओतला. ब्लूटूथ स्पीकर हळू आवाजात लावला होता, मुद्दाम जुनी गाणी, नानांनी निवडलेल्या क्रमानं.

लोक पाणी पितात आणि वर बघतात. प्यायला अर्धा मिनिट लागतो, तेवढा वेळ ती समोर असते. मग प्रश्न. 'कोण्या पक्षाची?' सगळ्यात जास्त हाच. त्यानंतर 'हयात आहे तर नाव कशाला लावलं?' एसटीचे एक कंडक्टर ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, 'तेलुगू का?' नांदेड-निजामाबाद फेरीवर असं ऐकलंय म्हणे. कोरियन म्हटल्यावर पटेना, गाडीचा हॉर्न वाजेपर्यंत वाद घातला. एक आजोबा पाणी पिऊन बाकड्यावर टेकले, दोन गाणी ऐकली. 'आवाज चांगला हाय पोरीचा. लग्न झालं का?' नाही म्हटलं. 'मग घरचे काय करायलेत?'

क्यूआर कोड आठ दिवसांत मोजून ११ जणांनी स्कॅन केला. कॅफेवाल्यांना हसू येईल. त्यातले तीन तर आम्हीच, चालतो का बघायला.

पण काल चारच्या सुमाराला सेलूच्या दोन बहिणी आल्या. एक दहावी झालेली, एक सातवीतली. शेंगदाण्याच्या पुड्या हातात, फ्लेक्ससमोर नुसत्या उभ्या. पाणी दिलं तरी घेईनात. मोठीनं हळूच विचारलं, 'ताई, हे खरंच आययूचं आहे?' दोघी तीन वर्षं एका फोनवर, एक-एक कान वाटून घेऊन ऐकतात. त्यांना वाटायचं, परभणी जिल्ह्यात आपण दोघीच. आम्हालाही वाटायचं आम्ही चौघीच. त्यांची गाडी सुटली, पुढची सहाची. दोन तास त्यांनी ओगराळं हातात घेऊन लोकांना पाणी वाढलं आणि 'पक्ष कोणता' या प्रश्नाला आमच्यापेक्षा चांगलं उत्तर दिलं: 'गाण्याचा'.

खर्च २,७४०. उरलेल्यात सासूबाईंचे १०१ तसेच ठेवलेत, खर्चायला मन होईना. काकांनी पाणपोई जूनपर्यंत ठेवायला सांगितलीये, जार तेच भरणार.

नाना_अंबाजोगाई (१८ मे, सकाळी ६:१०)

त्या सेलूच्या मुलींचा पत्ता नको, पण त्यांना म्हणावं श्रोता संघ काढा. पाच सभासद पुरतात. कमी पडला तर माझं नाव घाला.

चिकित्सक_बीड (१८ मे, सकाळी ८:३०)

मुद्दा कायम. रांजण गळतोय का बघत राहा.

औरंगपुरा_पाऊल (१८ मे, दुपारी १२:१०)

कॅफेवाल्यांना हसू आलं नाही. उलट पुढच्या वर्षी क्रांती चौकाजवळ कुठं सावली मिळते का बघायला सुरुवात केलीये.

साळुंकी (२१ जून, सायंकाळी ७:४०)

शेवटचं अपडेट. पाऊस लागला, पाणपोई उचलली. रांजण पुढच्या वर्षासाठी काकांच्या माळ्यावर. फ्लेक्स मी आठवण म्हणून जिंतूरला घेऊन आले होते. आज सकाळी उठून बघते तर आप्पांनी तो शेळ्यांच्या गोठ्यावर टाकून चारी कोपऱ्यांना दगड ठेवलेत. आडवी आययू, खाली 'बाई हयात आहेत' आणि त्याच्या खाली सहा शेळ्या. मी ओरडले तर म्हणाले, 'चांगल्या कागदाचा हाय, गळत नाही.'

फोटो काढून युएनांच्या ग्रुपवर टाकला. कोरियातल्या एका मुलीनं भाषांतर करून विचारलंय की शेळ्यांची नावं काय आहेत.

नाना_अंबाजोगाई (२१ जून, सायंकाळी ७:५५)

एकीचं चंद्री ठेवा.